डोरोथी आणि थॉमस हॉजकिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोरोथी हॉजकिन यांच्या इन्सुलिनवरच्या कामाबद्दल मी शाळा-महाविद्यालयांत बोलते. बोलणे संपले की मुले रेणूंबद्दल थोडेच विचारतात. त्यांना जाणून घ्यायचे असते ते नवऱ्याबद्दल, घानाबद्दल, अमेरिकेने नाकारलेल्या व्हिसाबद्दल. मला ते फार आवडते, कारण या दोघांचे आयुष्य एकत्र वाचल्याशिवाय कोणाही एकाचे नीट कळत नाही. फिरून फिरून येणारे प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत.

हे दोघे कोण, एका दमात सांगाल का?

डोरोथी क्रोफूट हॉजकिन (१९१०–१९९४) या स्फटिकांवर क्ष-किरण सोडून रेणूंची रचना शोधणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञ. पेनिसिलिन, जीवनसत्त्व बी-१२ आणि इन्सुलिन या तिन्हींच्या रचना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडल्या. १९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना एकट्यांना मिळाले. थॉमस हॉजकिन (१९१०–१९८२) हे त्यांचे पती, आफ्रिकेच्या इतिहासाचे अभ्यासक. आफ्रिकेला स्वतःचा इतिहास आहे हे ब्रिटनमधल्या विद्यापीठांना ज्यांनी पटवून दिले, त्या पहिल्या पिढीतले. दोघेही युद्धविरोधी, वसाहतविरोधी आणि उघडपणे डाव्या विचारांचे.

'हॉजकिन्स' नावाच्या कर्करोगाशी या घराण्याचा काही संबंध आहे का?

आहे. तो आजार ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते डॉक्टर थॉमस हॉजकिन (१७९८–१८६६) हे आपल्या थॉमसच्या आजोबांचे काका. ते क्वेकर होते, म्हणजे शस्त्र न उचलणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. १८३७ मध्ये साम्राज्यातल्या मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी लंडनमध्ये जी संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. त्यांचा मृत्यू जाफा इथे, पॅलेस्टाईनमध्ये झाला. सत्तर वर्षांनी त्याच भूमीवर त्यांच्या पुतण्याच्या नातवाने सरकारी नोकरीवर पाणी सोडले.

डोरोथींचा आफ्रिकेशी संबंध लग्नानंतरच आला ना?

असे बहुतेकांना वाटते, पण आधी आफ्रिका आली आणि मग थॉमस. डोरोथींचा जन्म १२ मे १९१० चा, कैरोतला. वडील जॉन क्रोफूट इजिप्त आणि सुदानमध्ये शिक्षण खात्यात होते, पुढे पुरातत्त्वाकडे वळले. आई ग्रेस यांनी सुदानमधल्या रानफुलांची चित्रे काढली, तिथल्या बायकांकडून सूत कातणे आणि मागावर विणणे शिकून घेतले आणि त्या जोरावर प्राचीन कापडाच्या मोठ्या जाणकार झाल्या. मुलींना मात्र इंग्लंडमध्ये ठेवावे लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तर आईवडील एकीकडे आणि लहानग्या बहिणी दुसरीकडे, अशी वर्षे गेली.

तेरा वर्षांच्या डोरोथी आईवडिलांकडे खार्टुमला गेल्या, तेव्हाची एक गोष्ट मी मुलांना नेहमी सांगते. तिथे ए. एफ. जोसेफ नावाचे मृदा-रसायनतज्ज्ञ होते. पाण्यात माती घोळवून सोन्याचे कण कसे वेगळे काढतात ते मुलींनी पाहिले होते. घरी आल्यावर डोरोथींनी बागेतल्या पाण्याच्या पाटात तोच उद्योग सुरू केला. सोने निघाले नाही. तळाशी राहिला एक काळा, चकचकीत दाणा. तो घेऊन त्या जोसेफांकडे गेल्या. जोसेफांनी "हे अमुक आहे" असे सांगून त्यांना वाटेला लावले नाही. रसायने दिली, आपल्या प्रयोगशाळेत बसवले आणि त्यांच्याच हातून परीक्षा करवून घेतली. तो दाणा निघाला इल्मेनाइट, लोह आणि टायटॅनियमचे खनिज. नोबेलपर्यंतच्या वाटेचे पहिले पाऊल असे सुदानच्या मातीत पडले.

शांततेची ओढ कोणाकडून आली?

डोरोथींच्या बाबतीत आईकडून. ग्रेस यांचे चार भाऊ पहिल्या महायुद्धाने नेले. एका घरातून चार मुलगे गेले की उरलेल्या बहिणीला युद्ध हा शब्द कसा ऐकू येत असेल याचा विचार करा. १९२५ मध्ये त्या डोरोथींना घेऊन जिनिव्हाला राष्ट्रसंघाच्या अधिवेशनाला गेल्या. देश एकमेकांशी बोलायला बसतात ते पंधरा वर्षांच्या मुलीने डोळ्यांनी पाहिले. पुढे आयुष्यभर त्या तेच करत राहिल्या: बोलणे बंद झालेल्या लोकांना एका टेबलाशी बसवायचे.

थॉमसच्या घरात क्वेकर वारसा होता, पण ते स्वतः श्रद्धाळू नव्हते. वडील आणि आजोबा दोघेही इतिहासकार, आईचे वडील ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे प्रमुख. अशा घरातला मुलगा सरळ प्राध्यापकीला लागायचा. थॉमस मात्र परगावी निघाले आणि तिथे त्यांना राज्यकारभार आतून दिसला.

पॅलेस्टाईनमध्ये काय घडले?

१९३३ मध्ये ते जेरिकोच्या उत्खननावर होते. १९३४ मध्ये पॅलेस्टाईनच्या ब्रिटिश प्रशासनात लागले आणि उच्चायुक्त आर्थर वॉकप यांचे खासगी सचिव झाले. वय चोविसाच्या आसपास, समोर बढतीचा राजमार्ग. १९३६ मध्ये अरबांचा उठाव सुरू झाला आणि सरकारने तो बळाने मोडायला घेतला. थॉमसनी राजीनामा दिला. नंतरही त्यांना तिथे राहायचे होते, अरबी शिकायची होती, पण सरकारने त्यांना देश सोडायला लावले.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय. साम्राज्याविरुद्ध पुस्तके लिहिणारे पुष्कळ झाले. त्याच्या कचेरीत बसून, फायली वाचून, मग उठून बाहेर पडणारे थोडे. पुढे आफ्रिकेतल्या सभा, संघटना, संप यांच्याविषयी लिहिताना त्यांना पोलिसी अहवालाची भाषा आतून ठाऊक होती, म्हणूनच तिच्या पलीकडचे दिसत होते. तिथे मिळालेली थोडीफार अरबीही पश्चिम आफ्रिकेत पुढे भलतीच कामाला आली.

त्यांची भेट कशी झाली?

१९३७ मध्ये, लंडनला, मार्जरी फ्राय यांच्या घरी. मार्जरीबाई डोरोथींच्या सॉमरविल कॉलेजच्या माजी प्राचार्या आणि थॉमसच्या नात्यातल्या. डोरोथी काही प्रयोगांसाठी लंडनला आल्या की तिथे उतरत. थॉमस तेव्हा बेकार, शाळेत शिकवायचा प्रयत्न चाललेला आणि तो काही जमत नव्हता. १६ डिसेंबर १९३७ रोजी लग्न झाले.

नवरा एका देशात, बायको दुसऱ्या. संसार चालला कसा?

हा प्रश्न मुलींकडून येतो आणि त्याला गुळमुळीत उत्तर देऊन चालणार नाही.

लग्नानंतर थॉमस आधी कंबरलँडमध्ये बेकार खाणकामगारांना शिकवत होते, मग १९३९ पासून स्टॅफर्डशायरमध्ये कामगारांचे वर्ग घेत. डोरोथी ऑक्सफर्डला. म्हणजे पहिली सात-आठ वर्षे हा शनिवार-रविवारचाच संसार. मधल्या दिवसांत पत्रे. ही पत्रे म्हणजे खुशालीच्या चार ओळी नसत, त्यांत वर्गातले वाद, स्फटिकांचे फोटो, मुलांची दुखणी, राजकारण, सगळे असे. पहिला मुलगा १९३८ चा, मुलगी १९४१ ची, धाकटा मुलगा १९४६ चा.

आणि मग डोरोथींचे हात. चोविसाव्या वर्षीच त्यांना संधिवात असल्याचे निदान झाले होते. पहिल्या बाळंतपणानंतर तो जोरात उसळला. बोटे वाकडी होत गेली ती कायमची. क्ष-किरण यंत्राचा मुख्य खटका दाबणे जमेना, तेव्हा त्यांनी त्याला एक लांब दांडा बसवून घेतला आणि काम चालू ठेवले. मिलिमीटरपेक्षा बारीक स्फटिक याच बोटांनी उचलून काचेच्या तारेवर बसवायचे असत.

१९५२ मध्ये थॉमसनी ऑक्सफर्डमधली, प्रौढांना शिकवणाऱ्या बाह्यशिक्षण विभागाची चांगली जागा सोडली आणि पुढची काही वर्षे त्यांना कायमची नोकरी नव्हती. घर मुख्यतः डोरोथींच्या पगारावर चालले. पुढे ऑक्सफर्डच्या वुडस्टॉक रोडवरच्या मोठ्या घरात डोरोथींची बहीण आपल्या पाच मुलांसह राहायला आली. दोन बहिणींची मुले, घानाहून, भारतातून, चीनमधून येणारे पाहुणे, संशोधक विद्यार्थी: घर सदा भरलेले. बहिणीचा आधार आणि घरकामाला मदतनीस नसते तर हे जमले नसते, आणि नवऱ्याच्या भटकंतीचा भार मुख्यतः बायकांनी उचलला हेही खरे. पण थॉमसनी बायकोच्या कामापेक्षा आपले काम मोठे मानले असे कुठे दिसत नाही. १९३७ साली लग्न केलेल्या पुरुषाबद्दल एवढे म्हणता येते, ही लहान गोष्ट नव्हे.

थॉमस आफ्रिकेकडे वळले कसे?

शिक्षणाच्या कामामुळे. १९४५ मध्ये ते ऑक्सफर्डच्या बाह्यशिक्षण विभागाचे सचिव झाले. हा विभाग विद्यापीठाबाहेरच्या प्रौढांसाठी, कामगारांसाठी वर्ग चालवी. असेच वर्ग पश्चिम आफ्रिकेत सुरू करता येतील का हे पाहायला ते १९४७ मध्ये गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला, आणि नायजेरियाला गेले. शिकवायला गेलेला हा माणूस शिकून परत आला. वर्गात येणारे कारकून, शिक्षक, रेल्वे कामगार त्यांच्या देशाबद्दल विचारत, आणि ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात त्या प्रश्नांची उत्तरे नव्हती.

पुढे हे वर्ग वाढले तसा इंग्लंडमध्ये संशय घेतला जाऊ लागला, की या विभागातून साम्यवादी शिक्षक वसाहतींत पाठवले जातात. थॉमस स्वतः काही वर्षे कम्युनिस्ट पक्षात होतेच. नोकरी सोडल्यावर त्यांनी पश्चिम आफ्रिकेत ट्रकने प्रवास केला, सहारात उंटावरून हिंडले, आणि पाहिलेले लिहून काढू लागले.

त्यांच्या लिखाणात एवढे नवे काय होते?

१९५६ मध्ये त्यांचे 'नॅशनॅलिझम इन कलोनियल आफ्रिका' आले. घाना स्वतंत्र व्हायला अजून वर्ष होते. त्या काळी लंडनमध्ये 'राष्ट्रवाद' म्हटले की इंग्रजी शिकलेले चार वकील आणि त्यांचा पक्ष, एवढेच धरत. बाकी सारे दंगे किंवा टोळ्यांची भांडणे. थॉमसनी उलटीकडून सुरुवात केली. नव्या शहरांपासून. गावाकडून आलेला माणूस बंदरात, खाणीत, रेल्वेत काम करतो, गाववाल्यांचे मंडळ काढतो, मंडळ मयतीचा खर्च उचलते, मुलांच्या शिक्षणाला पैसे देते. मग कामगार संघटना. मग गोऱ्या मिशनऱ्यांपासून फुटून निघालेली आफ्रिकी चर्चे, त्यांचे संदेष्टे. मग शेतकरी. पक्ष या सगळ्यानंतर येतो. परकीय सत्तेपुढे आपल्या समाजाचे हक्क ठासून मांडणारी कुठलीही संघटना, मग ती एका भाषेच्या लोकांची असो की साऱ्या खंडाची, त्यांनी राष्ट्रवादीच धरली.

या व्याख्येवर पुढे टीका झाली, ती फार सैल आहे म्हणून. टीकेत तथ्य आहे. पण घट्ट व्याख्येने जे लोक इतिहासाबाहेर राहत होते ते या सैल व्याख्येमुळे आत आले, आणि मला हा सौदा पटतो.

दुसरे म्हणजे जुना इतिहास. घाना, माली, सोंघाई ही मध्ययुगीन राज्ये, तिंबक्तूचे विद्वान, आजच्या नायजेरियातल्या सोकोतोचे धर्मसुधारक उस्मान दान फोदियो: यांच्यावर ते नियतकालिकांतून सर्वसामान्य वाचकांसाठी लिहीत राहिले. नायजेरियाच्या इतिहासाची मूळ साधने त्यांनी १९६० च्या संकलनात एकत्र आणली, आणि त्यांत अरबीतूनही पुष्कळ आले. १९६३ मध्ये त्यांच्याच ऑक्सफर्डमधले मोठे इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर जाहीर व्याख्यानात म्हणाले, की आफ्रिकेचा इतिहास नाहीच, आहे तो आफ्रिकेतल्या युरोपीयांचा. त्याच वर्षी थॉमस घानामध्ये हस्तलिखिते गोळा करणारी संस्था चालवत होते.

घानामध्ये त्यांनी नेमके काय केले?

१९६२ ते १९६५ ते लेगॉनच्या घाना विद्यापीठात आफ्रिका अभ्यास संस्थेचे संचालक होते. पहिले संचालक. घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी २५ ऑक्टोबर १९६३ रोजी संस्थेचे रीतसर उद्घाटन केले. आफ्रिकेचा अभ्यास युरोपच्या चष्म्यातून नको, आफ्रिकेच्या केंद्रातून व्हावा, हा त्या भाषणाचा रोख होता.

केंद्र म्हणजे काय ते संस्थेच्या आवारात दिसे. एका बाजूला इतिहास आणि समाजशास्त्र, दुसऱ्या बाजूला ढोल, नृत्य, नाट्य. संगीतज्ञ क्वाबेना एन्केटिया तिथे होते आणि थॉमसनंतर तेच संचालक झाले. परदेशी माणसाने तीन वर्षांत जागा घानाच्या माणसाच्या हाती दिली, हे मला त्या संस्थेच्या यशाचे पहिले लक्षण वाटते.

हस्तलिखितांचे काम मात्र मला सर्वांत लोभस वाटते. घानाच्या उत्तरेकडच्या गावांत आणि कुमासीसारख्या शहरांत मुस्लिम विद्वानांची जुनी घराणी होती. त्यांच्या घरी पेट्यांतून, चामडी पिशव्यांतून कागद पडून होते: राजवंशांच्या बखरी, कविता, कायद्याची उत्तरे, अरबी लिपीत पण हौसा भाषेत लिहिलेल्या रचना. संस्थेची माणसे, त्यांत आयव्हर विल्क्स हे इतिहासकार प्रमुख, गावोगाव जात, मालकाची परवानगी घेत, प्रत काढत आणि मूळ कागद परत देत. घेऊन जात नसत. ज्यांच्या देशातून एवढे काही लुटून नेले गेले, त्यांच्याशी असेच वागायला हवे होते. थॉमसनी घानाच्या इस्लामी वाङ्मयपरंपरेवर स्वतःही लिहिले. 'लिखित इतिहास नसलेला' खंड सुट्या कागदांवर असा बोलत होता.

नोबेलची बातमी त्यांना आफ्रिकेत कळली, हे खरे का?

खरे. ऑक्टोबर १९६४ मध्ये डोरोथी थॉमसकडे घानाला गेल्या होत्या. वर्षातला काही काळ त्या तिथूनच काम करत. थोरला मुलगा तेव्हा अल्जीयर्सच्या विद्यापीठात गणित शिकवत होता, मुलगी झांबियात मुलींच्या शाळेत, आणि धाकटा मुलगा विद्यापीठात जाण्याआधीचे एक वर्ष भारतात घालवत होता. वसाहतवादातून नुकत्याच सुटलेल्या देशांत सगळे घर पांगलेले. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी मात्र बातमीत त्यांना गृहिणी आणि तीन मुलांची आई म्हणून मिरवले.

त्यांचे शांततेचे काम म्हणजे काय? मोर्चे?

मोर्चेही. पण मुख्यतः दोन गोष्टी. एक, अण्वस्त्रांविरुद्ध शास्त्रज्ञांनी बोलावे यासाठी सतत झटणे. 'सायन्स फॉर पीस' या गटात त्या होत्या. १९७६ ते १९८८ अशी बारा वर्षे त्या पगवॉश परिषदांच्या अध्यक्ष होत्या. रसेल आणि आइनस्टाईन यांच्या १९५५ च्या जाहीरनाम्यातून निघालेल्या या परिषदांत अमेरिका आणि सोव्हिएत संघाचे शास्त्रज्ञ सरकारांच्या परस्पर, बंद दाराआड, नावे न फोडता शस्त्रकपातीवर बोलत. १९९५ चे शांततेचे नोबेल पगवॉशला आणि तिच्या संस्थापकांपैकी जोसेफ रोटब्लाट यांना मिळाले. डोरोथींना जाऊन तेव्हा वर्ष झाले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्यांना बाहेर ठेवले आहे त्यांच्याकडे आपण जाणे. त्या १९५९ पासून अनेकदा चीनला गेल्या. बीजिंगमधला एक गट इन्सुलिनची रचना स्वतंत्रपणे काढत होता आणि सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत जगाला त्याचा पत्ताही नव्हता. दुसरा कोणी असता तर प्रतिस्पर्धी म्हणून गप्प बसला असता. डोरोथी त्यांचे नकाशे, म्हणजे रेणूत अणू कुठे आहेत ते दाखवणारी चित्रे, आपल्या नकाशांशी ताडून पाहायला बसल्या, आणि १९७२ मध्ये क्योटोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी ते काम साऱ्या जगापुढे मांडले.

व्हिएतनामवर बाँब पडत होते तेव्हा त्या युद्धाविरुद्ध आणि तिथल्या वैद्यकीय मदतीसाठी दोघे झटले, आणि १९७० च्या दशकात उत्तर व्हिएतनामला जाऊन आले. थॉमसनी निवृत्तीनंतर, साठी उलटल्यावर, त्या देशाचा इतिहास नव्याने शिकून १९८१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

अमेरिकेने व्हिसा का नाकारला?

१९५३ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी त्यांना प्रथिनांवरच्या परिषदेसाठी कॅलिफोर्नियाला बोलावले होते. शीतयुद्धाचा काळ. 'सायन्स फॉर पीस'चे सदस्यत्व आणि नवऱ्याची कम्युनिस्ट पार्श्वभूमी अडवायला पुरेशी ठरली. पुढेही बराच काळ अमेरिकेत जायला त्यांना खास सवलत मागावी लागे. जिने पेनिसिलिनची रचना युद्धाच्या काळात शोधून दिली, तिला दोस्तराष्ट्राने दारातून परत पाठवले. मला याचा आजही राग येतो. त्यांनी मात्र कडवटपणा धरला नाही, मॉस्कोला निमंत्रण होते, तिकडे गेल्या.

मार्गारेट थॅचर त्यांची विद्यार्थिनी होती का?

होय. मार्गारेट रॉबर्ट्स या सॉमरविल कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होत्या आणि शेवटच्या वर्षाचे काम त्यांनी डोरोथींच्या हाताखाली केले. राजकारणात दोघी दोन टोकांना. तरी पंतप्रधान थॅचर यांनी आपल्या बाईंचे चित्र डाउनिंग स्ट्रीटवर लावले, आणि बाईंनी त्या ओळखीचा उपयोग एकाच कामाला केला: सोव्हिएत नेत्यांशी बोला, हे सांगायला.

त्यांचे काही चुकले नाही का?

चुकले. ज्यांच्यावर जीव आहे त्यांच्याबद्दल हे सांगणे जड जाते, पण सांगायला हवे.

एन्क्रुमांच्या घानामध्ये १९५८ पासून प्रतिबंधक स्थानबद्धतेचा, म्हणजे खटल्याविना तुरुंगात ठेवण्याचा, कायदा होता. स्वातंत्र्यलढ्यातले ज्येष्ठ नेते जे. बी. डांक्वा फेब्रुवारी १९६५ मध्ये तुरुंगातच वारले. १९६४ मध्ये लेगॉनच्या काही परदेशी प्राध्यापकांना देशाबाहेर काढले गेले. थॉमस तेव्हा तिथेच होते आणि एन्क्रुमांच्या मोठ्या स्वप्नावरची त्यांची निष्ठा ढळली नाही. ज्या माणसाने पॅलेस्टाईनमध्ये अशाच कारणासाठी राजीनामा दिला, त्याच्याकडून मला जास्त अपेक्षा होती. फेब्रुवारी १९६६ मध्ये एन्क्रुमा व्हिएतनामसाठी शांततेची बोलणी करायला हनोईकडे निघाले असताना मागे लष्कराने सत्ता घेतली.

डोरोथी माणसांबद्दल फार चांगले धरून चालत. रुमानियाच्या हुकूमशहाची पत्नी एलेना चाउशेस्कू यांनी दुसऱ्यांचे संशोधन आपल्या नावावर पुस्तक काढून खपवले, आणि त्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीला डोरोथींनी प्रस्तावना लिहिली. दार सर्वांना उघडे ठेवायचे म्हटले की असेही लोक आत येतात. पण म्हणून ते लिहायला नको होते, असेच मला वाटते.

भारताशी, आपल्याकडे त्यांचा काही धागा?

भारताशी आहे आणि चांगला घट्ट आहे. १९६९ मध्ये इन्सुलिनची रचना सुटली, तेव्हा ऑक्सफर्डच्या त्या गटात बंगळूरहून आलेले एम. विजयन होते. परतल्यावर भारतात प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत ते अग्रभागी राहिले. पगवॉशची पहिली बैठकही खरे तर नेहरूंच्या निमंत्रणावरून दिल्लीला व्हायची होती. सुएझचा पेच उभा राहिला, ती रद्द झाली आणि १९५७ मध्ये कॅनडातल्या पगवॉश या कोळ्यांच्या गावी भरली, म्हणून ते नाव पडले.

महाराष्ट्र-गोव्याशी नाते आहे ते डोरोथींचे गुरू जे. डी. बर्नाल यांच्यामार्फत. केंब्रिजमध्ये बर्नाल यांच्याकडेच त्या १९३२ ते १९३४ शिकल्या, आणि १९५९ पासून बर्नाल जागतिक शांतता परिषदेचे प्रमुख होते. त्याच शांतता चळवळीत आपले दामोदर धर्मानंद कोसंबी होते, गोव्यात कोसंबे इथे जन्मलेले, पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जा-ये करणारे गणिती आणि इतिहासकार. राजे-रजवाड्यांच्या यादीबाहेरचा इतिहास शोधायला तेही पायी हिंडत. १९६६ मध्ये ते गेले तेव्हा 'नेचर'मध्ये त्यांच्यावर लिहिले ते बर्नाल यांनीच.

आणि एक धागा घरातला. माझ्या आईच्या इन्सुलिनची कुपी फ्रिजच्या दारात, लिंबांशेजारी असते. १९३४ मध्ये डोरोथींच्या हाती इन्सुलिनचे दहा मिलिग्रॅम स्फटिक आले. उत्तर यायला पस्तीस वर्षे लागली. मधल्या काळात युद्ध झाले, तीन मुले झाली, साम्राज्य मोडले, आणि मनगटे सुजत राहिली.

शेवटची वर्षे कशी गेली?

थॉमस २५ मार्च १९८२ रोजी ग्रीसमध्ये वारले. फुप्फुसे बरेच दिवस साथ देत नव्हती. डोरोथी वॉरिकशायरमधल्या इल्मिंग्टन गावच्या घरात राहिल्या. १९८८ पर्यंत त्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या कुलपती होत्या, आणि त्यांच्या कारकिर्दीत तिथे परदेशी विद्यार्थ्यांसाठी हॉजकिन हाउस उभे राहिले. १९९३ मध्ये बीजिंगला स्फटिकशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रकृती इतकी खालावलेली की कोणी अपेक्षाही धरली नव्हती. त्या चाकांच्या खुर्चीत बसून गेल्या. पुढच्या वर्षी २९ जुलैला त्यांचे निधन झाले.

मुलांना दाखवायला त्यांचे एखादे चित्र सुचवाल का?

मॅगी हॅम्बलिंग यांनी १९८५ मध्ये काढलेले तैलचित्र दाखवा, ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. पंचाहत्तरीच्या डोरोथी इल्मिंग्टनच्या घरी टेबलाशी कामात आहेत. पांढरे केस विस्कटलेले, समोर कागदांचा पसारा आणि रेणूचे प्रारूप. त्यांना दोन नव्हे, चार हात काढले आहेत, चारही सांध्यांत फुगलेले, आणि चारही कामात गुंतलेले. मुले आधी हसतात. मग कोणीतरी हात मोजते.